अठरा फुटी की बावीस फुटी? वापरलेली पाँटून बोट निवडताना

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याला दोन वापरलेल्या पाँटून बोटींपैकी एक निवडायची होती. पहिली अठरा फुटी होती, मागे ४० अश्वशक्तीचे इंजिन, आणि आजवर ती एका धरणाच्या गोड्या पाण्यात चालली होती. दुसरी बावीस फुटी, ९० अश्वशक्तीची, खाडीत काही मोसम काढलेली. तिच्या गाद्या नव्या, छत नवे आणि किंमत पहिलीपेक्षा थोडीशीच जास्त. नेरुळच्या एकाच सोसायटीतील चार कुटुंबांनी मिळून होडी घ्यायचे ठरवले होते आणि सर्वांचा कल उघडपणे मोठीकडे होता. "मामा, एवढ्याशा फरकात चार फूट जास्त मिळत असतील तर विचार कशाचा करायचा?" असे भाच्याने फोनवर विचारले. मी आयुष्यभर इंजिनांच्या कामात घालवल्यामुळे त्याने मला बोलावले होते खरे, पण विचार करण्याजोग्या गोष्टी इंजिनापेक्षा इतरच जास्त निघाल्या. नवख्याने त्या कोणत्या क्रमाने पाहाव्यात, हे पुढे लिहिले आहे.

ज्यांनी ही होडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाँटून बोटीला नेहमीच्या होडीसारखा पोटाचा सांगाडा नसतो. खाली ॲल्युमिनियमच्या दोन लांब, पोकळ, दोन्ही टोकांना बंद असलेल्या ट्यूब असतात, त्यांवर आडवे चॅनेल, म्हणजे धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, चॅनेलवर प्लायवुडचा सपाट डेक आणि डेकवर कठडा, बाके व छत असते. काही होड्यांना मध्ये तिसरी ट्यूबही असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ॲम्ब्रोस वीअर्स या शेतकऱ्याने १९५२ साली लोखंडी पिंपे एकमेकांना जोडून त्यांच्या दोन रांगांवर लाकडी फळ्यांचा मंच उभा केला, तेथून हा प्रकार रुळला. ही होडी मुळात शांत तळ्यासाठी जन्मली, ही गोष्ट ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसाने आरंभापासून ध्यानात ठेवावी.

पहिली पायरी: होडी कोणत्या पाण्यावर चालणार, ते आधी ठरवा

हा प्रश्न किमतीच्याही आधीचा आहे. आपल्याकडे पाण्याचे साधारण तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा मालक वेगळा आहे. ठाण्यातल्या मासुंदा किंवा उपवन तलावात आपली होडी सोडता येईल, ही कल्पना काढून टाका. ते तलाव महापालिकेच्या ताब्यात आहेत आणि तेथील नौकाविहार ठेक्याने चालतो. धरणांच्या जलाशयासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते. राहिली खाडी. ठाणे खाडी आणि उल्हास नदीचा मुखाकडचा भाग येथे महाराष्ट्र सागरी मंडळाशी संबंध येतो, आणि कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग तर राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झालेला आहे. त्याशिवाय खाडीचा मोठा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून अधिसूचित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. त्या पट्ट्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय फिरता येत नाही आणि परवानगी असली तरी पक्ष्यांच्या थव्यात होडी घालायची नसते. त्यामुळे नकाशावर खाडी कितीही रुंद दिसली, तरी सहलीला मोकळे असलेले पाणी त्याहून बरेच कमी असते.

खाडीचे पाणी शांत आहे, असे वाशीच्या पुलावरून सकाळी साडेसातला पाहणाऱ्याला वाटते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, आणि ओहोटीचा ओढ वाऱ्याच्या विरुद्ध असेल तेव्हा आखूड, उभ्या, चिडक्या लाटा उठतात. पाँटूनचा डेक पाण्यापासून फारसा उंच नसतो आणि पुढची बाजू सपाट असते, त्यामुळे अशा लाटेत तिचे नाक खाली गेले की पाणी थेट डेकवर येते. या एका बाबतीत मोठी होडी निर्विवाद सरस आहे, कारण लांब ट्यूब एका वेळी दोन लाटांवर टेकते आणि लहान होडी प्रत्येक लाटेत डुलत राहते. वाशीच्या पुलाच्या दक्षिणेला, बेलापूर किंवा त्याच्या पलीकडे जायचा विचार असेल, तर हे कलम मोठीच्या खात्यात जमा करा. मात्र धरणाच्या पाण्यावर किंवा खाडीच्या आतल्या भागात सकाळचे दोन-तीन तास फिरायचे असेल, तर त्या जमेला फारशी किंमत उरत नाही.

दुसरी पायरी: नेहमीच्या रविवारची माणसे मोजा

चार कुटुंबे म्हटल्यावर भाच्याने सोळा माणसे धरली होती. मी त्याला मागच्या वर्षभरात ही चार कुटुंबे एकत्र कितीदा बाहेर पडली, ते विचारले. दोनदा, आणि त्यातले एक लग्न होते. नेहमीच्या रविवारी येणारी माणसे पाच ते सहा निघाली. दिवाळीच्या पाहुण्यांवरून घराच्या खोल्या कोणी ठरवत नाही, तसेच होडीचे आहे. सगळे जमतील त्या दिवशी दोन फेऱ्या करता येतात.

तिसरी पायरी: लांबीआधी ट्यूबचा व्यास मोजा

जाहिरातीत लांबी मोठ्या अक्षरांत असते आणि व्यासाचा उल्लेखही नसतो. प्रत्यक्षात होडी तरते ती ट्यूबच्या आकारमानावर, आणि त्यात व्यासाचा वर्ग होतो. बाजारात दिसणाऱ्या होड्यांत २३ इंची आणि २५ इंची हे दोन व्यास नेहमीचे आहेत. हा फरक दिसायला दोन इंचांचा, पण २३ इंची ट्यूब पूर्ण बुडाली तर दर मीटर लांबीमागे सुमारे २६८ किलो भार उचलते आणि २५ इंची ट्यूब सुमारे ३१७ किलो, म्हणजे जवळजवळ १८ टक्के जास्त. मोजण्यासाठी दोरी ट्यूबभोवती फिरवून परीघ घ्यावा आणि ३.१४ ने भागावे. परीघ ७२ इंच भरला तर व्यास २३, आणि साडेअठ्ठ्याहत्तर भरला तर २५.

आता हिशेब मांडू. ट्यूब अर्ध्यापेक्षा जास्त बुडू नये, असा माझा सावध नियम आहे; निर्माते यापेक्षा उदार असतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर आपली खाडी नसते. पुढच्या निमुळत्या टोकाची वजावट करून अठरा फुटी होडीच्या ट्यूबची कामाची लांबी ५ मीटर धरली आणि व्यास २३ इंच असला, तर दोन ट्यूब मिळून २,६८० किलो आणि अर्ध्या बुडाल्या असता १,३४० किलो उचलतात. त्यातून रिकाम्या होडीचे सुमारे ७५० किलो, इंजिनाचे १०० आणि पेट्रोल, बॅटरी, नांगर व जॅकेटांचे ९० वजा केले, की माणसांसाठी ४०० किलो उरतात. सरासरी ७५ किलोचा माणूस धरल्यास पाच जण झाले. बावीस फुटीची कामाची लांबी ६.२ मीटर आणि व्यास २५ इंच असेल तर अर्ध्या बुडीला सुमारे १,९६५ किलो मिळतात. होडीचे १,०५०, इंजिनाचे १७० आणि बाकी सामानाचे १५० वजा केल्यावर जवळपास ६०० किलो, म्हणजे सात माणसे आणि त्यांचे डबे.

इथपर्यंत मोठी पुढे आहे. पण हेच आकडे उलटे घालून पाहा. बावीस फुटीच्या ट्यूब २३ इंची निघाल्या, तर तिची अर्धी बूड १,६६० किलोवर येते आणि माणसांसाठी जेमतेम २९० किलो, म्हणजे तीन-चार जणांपुरती जागा उरते. आणि अठरा फुटीच्या ट्यूब २५ इंची असल्या तर ती आठ जणांनाही याच नियमाने पेलते. डेक मोठा म्हणून लोक त्यावर जास्त चढतात, आणि खालच्या ट्यूब मात्र तेवढ्याच असतात. आम्ही दोरी लावली तेव्हा लहानीच्या ट्यूब २५ इंची भरल्या आणि मोठीच्या २३. भाच्याने दोरी परत लावून पाहिली. मोठीच्या ट्यूब दुसऱ्या खेपेलाही २३ इंचीच निघाल्या.

होडीवर निर्मात्याची क्षमतेची पाटी असेल तर ती अवश्य वाचावी आणि तिच्यावरचा माणसांचा आकडा कमाल मर्यादा समजावा. पाटी खरवडून काढलेली असेल, तर ती का काढली, हे विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.

चौथी पायरी: होडी राहणार कुठे आणि जाणार कशावरून

दिवाळे गावात एका वयस्कर नाखवांना मी आमचा प्रश्न सांगितला, तेव्हा त्यांनी लांबी-रुंदी काही विचारली नाही. "पावसाळ्यात कुठं ठेवणार?" एवढेच ते म्हणाले. जून ते ऑगस्ट अशी होडी पाण्यात ठेवण्यात अर्थ नाही. कोळीबांधवांच्या होड्याही त्यातला बराच काळ काठावर ओढलेल्या असतात. खारफुटीच्या कडेला रिकामी जागा दिसते म्हणून होडी तेथे टेकवणे हा गुन्हा ठरू शकतो, कारण खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बावीस फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद वस्तू ठेवण्यास सर्वसाधारण सभा कधी मान्यता देईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

रुंदीचा मुद्दा दोन्ही होड्यांना सारखाच लागू होतो. बहुतेक पाँटून बोटी साडेआठ फूट, म्हणजे सुमारे २५९ सेंटीमीटर रुंद असतात, आणि आपल्याकडे रस्त्यावरील वाहनाची रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. अक्षरशः बोटभर अंतराने ती बसते. नेहमीच्या ट्रकचा हौदा त्याहून अरुंद असल्याने होडी त्यात उतरत नाही. सपाट, बाजू नसलेला ट्रेलर लागतो. उरण आणि जवाहरलाल नेहरू बंदराच्या बाजूला असे ट्रेलर भाड्याने मिळतात. अठरा फुटी होडी वीस फुटी प्लॅटफॉर्मवर पूर्ण मावते, बावीस फुटीला चाळीस फुटी ट्रेलर बोलवावा लागतो आणि तो गावठाणाच्या गल्लीत वळत नाही. उतरवण्यासाठी हायड्रा, म्हणजे क्रेन लागते ती वेगळी. वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, हा सगळा खर्च येणार आहे. तो दोन्ही होड्यांसाठी आधी विचारून कागदावर लिहावा आणि खरेदीच्या किमतीत पाच वर्षांचा मिळवावा. आमच्या बाबतीत दोघींच्या किमतीतला तो "थोडासा फरक" या बेरजेत तिपटीहून मोठा झाला.

पाचवी पायरी: ट्यूब ठोकून पाहा

येथे घाई करू नये. होडी पाण्याबाहेर, ठोकळ्यांवर ठेवलेली असतानाच पाहायला जावे. विक्रेता ती पाण्यातच दाखवतो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी यावे. ट्यूबच्या आत आडव्या भिंती घालून तीन-चार बंद कप्पे केलेले असतात, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगते ठेवतात. एखाद्या कप्प्यात पाणी शिरले असेल तर वरून काहीच दिसत नाही. बोटाच्या पेराने ट्यूबच्या पोटाला नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, पिछाडीकडे एकेक वीत सोडून ठोकत जावे. रिकामा कप्पा टणटणीत वाजतो. त्या बावीस फुटीच्या डाव्या ट्यूबवर मी ठोकत निघालो, तेव्हा पिछाडीपासून साधारण तीन हातांवर आवाज एकदम बसला, भिजलेल्या मडक्यासारखा. खालचा प्लग पान्याने सैल केला तर आधी दोन थेंब आले, मग बोटाएवढी धार, तपकिरी आणि खारट वासाची, आणि ती बादली भरून दुसऱ्या बादलीत गेली तरी थांबेना. विक्रेता म्हणाला, "पावसाचं असेल." पावसाचे पाणी खारट नसते, हे मी त्याला सांगितले नाही. बंद कप्प्यातले शंभर लिटर पाणी म्हणजे सव्वा माणसाएवढे ओझे, आणि ते नेमके इंजिनाच्या बाजूला.

नंतर वेल्डिंगच्या सांध्यांवरून नख फिरवावे. केसासारखी बारीक चीर दिसत नाही, पण नखाला लागते. पोचे असतील तर घाबरू नये. उथळ, गोलसर पोचा हा दिसण्याचा दोष आहे, मात्र सांध्यावर किंवा चॅनेलच्या पट्टीला लागून पडलेला पोचा पुढेमागे चिरतो. संशय असेल तेथे कारागिराकडून हवेचा दाब देऊन साबणाच्या पाण्याची चाचणी करून घ्यावी. दाब दोन-तीन पीएसआयपेक्षा (हवेच्या दाबाचे एकक) वाढवू देऊ नये. सायकलच्या ट्यूबसारखी हवा भरणारे उत्साही कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्यांनी फुगवून सांधे उसवलेली ट्यूबही.

खाऱ्या पाण्यातल्या होडीसाठी आणखी एक तपासणी लागते. ॲल्युमिनियम, स्टेनलेसचे बोल्ट आणि खारे पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजू लागते; ते वाचावे म्हणून ट्यूबला आणि इंजिनाला झिंकचे तुकडे लावलेले असतात, जे ॲल्युमिनियमच्या आधी स्वतः झिजतात. गोड्या पाण्यात हे काम मॅग्नेशियमचा तुकडा करतो. झिंक अर्धे खाल्लेले दिसले तर ते चांगले लक्षण समजावे, कारण ते काम करत होते. झिंकचा पत्ताच नसेल, किंवा ते जसेच्या तसे कोरे असेल आणि शेजारी ट्यूबवर पांढऱ्या भुकटीने भरलेले खड्डे असतील, तर त्या होडीचा नाद सोडावा. कोणी तांबेयुक्त रंग फासला असेल तरीही तसेच करावे. लाकडी होडीच्या तळाला चालणारा तो रंग ॲल्युमिनियमला कुरतडतो, आणि येथे होड्या रंगवणाऱ्या अनेकांना हे सांगावे लागते.

सहावी पायरी: डेकवर अनवाणी चाला

बूट काढून टाचेवर जोर देत चालावे, विशेषतः फाटकाजवळ, बाकांच्या पायांशी आणि इंजिनाच्या पुढे. पाय किंचित खाली गेला तर तेथील प्लायवुड कुजले आहे. नवे कार्पेट पाहून खूश होऊ नये, त्याची कड उचलून खाली पाहावे. डेक बदलता येतो, पण त्यासाठी कठडे आणि बाके सगळी उतरवावी लागतात, आणि बावीस फुटीला प्लायवुडच्या पत्र्यांचा हिशेब आपोआप वाढतो. गाद्या आणि छत यांकडे शेवटी पाहावे.

सातवी पायरी: इंजिन थंड असतानाच हात लावा

पोचल्याबरोबर, गप्पा सुरू होण्याआधी, इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवावा. ते कोमट लागले, तर विक्रेत्याने आपण येण्यापूर्वी ते एकदा चालू करून ठेवले आहे आणि थंड इंजिनाची चालू न होण्याची खोड आपल्यापासून लपणार आहे. चालू झाल्यावर मागून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार पाहावी. ती ठाम असावी, टपटपणारी नसावी. खाडीतले इंजिन दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतले नसेल, तर आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने आणि गाळाने चोंदतात आणि ही धार मंदावते. खालच्या गिअरचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरते आहे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा आणि सगळे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांच्या कडा चिखल-वाळूने घासलेल्या असणे साहजिक आहे, पण पंखा हाताने फिरवताना दांडा लचकता कामा नये.

जुन्या इंजिनाच्या बाबतीत आताच्या पेट्रोलचाही विचार करावा लागतो. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. महिन्यातून एकदा चालणाऱ्या होडीच्या टाकीत हे पेट्रोल पडून राहिले की पाणी तळाशी बसते आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात. पाणी वेगळे करणारा फिल्टर नसेल तर तो बसवण्याचा खर्च धरावा आणि पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करावी.

अश्वशक्तीबद्दल नवख्यांचा एक गैरसमज असतो. ४० अश्वशक्ती अठरा फुटीला सहलीपुरती पुरते. पण भर ओहोटीला, वारा तोंडावर असताना, सात माणसांची बावीस फुटी ४० ने ओढली तर ती जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते. म्हणून "मोठी घेऊ आणि इंजिन लहान लावू" हा काटकसरीचा मार्ग खाडीत धोक्याचा आहे.

आठवी पायरी: कागद

होडीची नोंदणी आणि सर्वेक्षण आता १९१७ च्या जुन्या कायद्याऐवजी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ खाली होते. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावरील पाटीशी ताडून पाहावा. होडी अमेरिकेत बनलेली असेल तर पिछाडीच्या उजव्या बाजूला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो आणि त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. "दोनच वर्षांची आहे" या वाक्याची शहानिशा तेथे होते. बाहेरून आणलेल्या होडीसाठी सीमाशुल्काचे कागद, कर्जावर घेतलेली असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि जुन्या मालकाने दिलेली विमा पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते का आणि कोणते, हे होडीच्या वापरावर अवलंबून असल्याने सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारावे. दलालाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

नववी पायरी: ओहोटीला चालवून पाहा

विक्रेता भरतीच्या माथ्यावर बोलावतो, कारण तेव्हा पाणी भरलेले, ओढ थांबलेली आणि चिखल झाकलेला असतो. वेळ आपण ठरवावी. भरतीची ढोबळ वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट: षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, आणि खाडीत आत जावे तशी भरती आणखी थोडी उशिरा पोचते, तेव्हा नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रकच पाहावे. पहिली चाचणी भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार कमी असतो तेव्हा, घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढते-उतरते आणि ओढ नवख्याच्या हाताबाहेरची असते. भरती उलटल्यावर दोन तासांनी, दुपारच्या वाऱ्यात, नेहमीची सहा माणसे जॅकेटे घालून बसवावीत.

मग होडी पूर्ण वेगाने नेण्यापेक्षा अगदी हळू नेऊन पाहावी. जेट्टीला बाजूने लावावी, उलट्या गिअरमध्ये मागे घ्यावी, जागेवर वळवावी. पाँटूनचे कठडे आणि छत वाऱ्याला शिडासारखे सापडतात, आणि हे शीड बावीस फुटीला जास्त मोठे असते. अठरा फुटी एका माणसाने दोर धरून जेट्टीकडे ओढता येते. बावीस फुटीला दोन माणसे, आणि ती दोन्ही जागी असावी लागतात. सर्वांना एका बाजूला येऊन उभे राहायला सांगावे आणि ट्यूब किती दबते ते पाहावे, कारण फ्लेमिंगो दिसले की पाहुणे नेमके हेच करतात. ओहोटीत पाण्याच्या कडेला जाऊ नये. दोन ट्यूबांवर होडी चिखलात सरळ बसते, हे खरे, पण बसली की पुढची भरती येईपर्यंत तेथेच बसते, आणि बावीस फुटीला ढकलून काढणे चार माणसांच्याही आवाक्यातले नाही.

दहावी पायरी: शेवटचा हप्ता सकाळी द्या

आम्ही अठरा फुटी घेतली. तिच्यातही दोष होते: फाटकाजवळचा डेक मऊ, एक बाक फाटलेले, आणि गोड्या पाण्यातून आल्यामुळे ट्यूबला झिंकऐवजी मॅग्नेशियमचे तुकडे, जे खाडीत पाहता पाहता झिजून गेले असते. ते सगळे लेखी यादीत घालून किंमत कमी करून घेतली. बावीस फुटी ज्यांना खरोखर हवी आहे, म्हणजे ज्यांच्याकडे ठेवायला स्वतःची जागा, दोन सराईत हात आणि नियमाने येणारी सात माणसे आहेत, त्यांनी २५ इंची किंवा तीन ट्यूबांची पाहावी. आमची अडचण एवढीच होती की आमच्याकडे यातले एकही नव्हते.

पैसे देताना मात्र एक काळजी सर्वांनीच घ्यावी. व्यवहाराचा मोठा भाग दिल्यावर थोडी रक्कम राखून ठेवावी, होडी पाण्यात उतरवून शांत जागी, उथळ नसलेल्या पाण्यात बांधावी, आणि सगळी माणसे खाली उतरल्यावर दोन्ही ट्यूबांवर, पुढे आणि मागे, पाण्याच्या रेषेवर तेलकट खडूने खूण करावी. रात्रभर ती तशीच राहू द्यावी. पाणी भरती-ओहोटीने वरखाली झाले तरी होडी त्याच्यासोबत तरंगते, त्यामुळे खुणांना फरक पडत नाही. पडला, तर कोठेतरी पाणी आत गेले आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेलो, भाचा पोटावर आडवा होऊन जेट्टीवरून खाली वाकला आणि एकेक खूण बॅटरीच्या उजेडात पाहत गेला. चारही रेषा पाण्याला टेकलेल्या होत्या. राखून ठेवलेली रक्कम आम्ही तिथेच विक्रेत्याच्या हातात दिली आणि पावती घेतली.